विमानतळावरील टॅक्सीइंग : वैमानिकांचा संवाद आणि सुरक्षितता

प्रस्तावना

विमानप्रवासातील धोका म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर आकाश येते. वादळ, ढग, इंजिनातील बिघाड अशाच गोष्टी मनात येतात. परंतु विमान वाहतुकीच्या इतिहासातील सर्वांत मोठी टक्कर आकाशात नव्हे, तर जमिनीवर झाली. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावरील विमानतळावर दोन जंबो विमाने धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. दोन्ही विमाने सुस्थितीत होती व वैमानिक अनुभवी होते. त्या दिवशी धुके होते आणि त्या धुक्यात बोललेल्या काही वाक्यांचा अर्थ बोलणाऱ्याने एक व ऐकणाऱ्याने दुसराच घेतला.

आपल्या सामुदायिक महाविद्यालयांतून विमानतळ सेवा, ग्राउंड हँडलिंग, प्रवासी सेवा, वाहनचालन अशा अभ्यासक्रमांकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्या शिक्षकांना या विषयाची मूलभूत ओळख व्हावी, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विमान धावपट्टीपर्यंत कसे जाते, त्या वेळी वैमानिक व नियंत्रक काय बोलतात, ते तसेच का बोलतात आणि त्यातून संभाषण-कौशल्याच्या शिक्षकाला काय घेता येईल, याचा विचार येथे केला आहे.

टॅक्सीइंग म्हणजे काय?

विमान उभे राहण्याच्या जागेपासून धावपट्टीपर्यंत आणि उतरल्यानंतर धावपट्टीपासून पुन्हा त्या जागेपर्यंत स्वतःच्या इंजिनाच्या बळावर जमिनीवरून चालत जाते. या चालण्यास टॅक्सीइंग म्हणतात. विमाने उभी राहतात त्या फरसबंद पटांगणास अ‍ॅप्रन आणि तेथून धावपट्टीकडे जाणाऱ्या रस्त्यास टॅक्सी-वे म्हणतात.

इंदूरच्या वाचकांना देवी अहिल्याबाई होळकर विमानतळाचे उदाहरण जवळचे आहे. होळकर संस्थानच्या काळात, १९३५ च्या सुमारास बिजासन परिसरात विमानतळ उभारण्याचा निर्णय झाला. आज तेथे सुमारे पावणेतीन किलोमीटर लांबीची एक धावपट्टी आहे व तिचे नाव ०७/२५ आहे. हे आकडे कुठून आले, असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. धावपट्टी होकायंत्राच्या ज्या दिशेला तोंड करून असते, तो कोन जवळच्या दहाच्या पटीत घेऊन त्यातील शेवटचे शून्य गाळले की तिचा क्रमांक मिळतो. पूर्वेकडे सुमारे ७० अंशांच्या दिशेने धावणाऱ्या विमानासाठी ती ०७ असते. त्याच पट्टीवर उलट दिशेने, म्हणजे सुमारे २५० अंशांकडे धावणाऱ्या विमानासाठी ती २५ होते. वारा कोणत्या बाजूने आहे, हे पाहून सर्वसाधारणपणे कोणत्या टोकाचा उपयोग करायचा ते ठरते. म्हणजे पट्टी एकच, पण नावे दोन. येथूनच नेमके बोलण्याची गरज सुरू होते.

एकच धावपट्टी असलेल्या विमानतळावर उतरणारे, उडणारे व प्रशिक्षणाचे विमान, तसेच तपासणीसाठी जाणारी जीप या सर्वांना त्याच पट्टीचा आधार असतो. इंदूरला मध्य प्रदेश फ्लाइंग क्लबची वैमानिक प्रशिक्षणाची जुनी परंपरा आहे. त्यामुळे मोठ्या प्रवासी विमानाच्या शेजारी शिकाऊ वैमानिकाचे छोटे विमान असण्याची शक्यता येथे नवी नाही. दोघांचा वेग व अनुभव वेगळा असला, तरी नियम आणि शब्द मात्र एकच असतात.

जमिनीवरची लिपी

विमानतळाच्या जमिनीवर एक स्वतंत्र लिपी लिहिलेली असते. धावपट्टीवरील खुणा पांढऱ्या आणि टॅक्सी-वेवरील खुणा पिवळ्या असतात. टॅक्सी-वेच्या कडेचे दिवे निळे आणि मध्यरेषेचे दिवे हिरवे असतात. पाट्यांचेही रंग ठरलेले आहेत. काळ्या पाटीवर पिवळे अक्षर म्हणजे ‘तुम्ही येथे आहात’. पिवळ्या पाटीवर काळे अक्षर म्हणजे ‘इकडे गेलात की अमुक लागेल’. लाल पाटीवर पांढरे अक्षर म्हणजे ‘परवानगीशिवाय पुढे जाऊ नका’.

या सर्व खुणांत सर्वांत महत्त्वाची खूण म्हणजे धावपट्टीपूर्वीची थांबण्याची रेषा. टॅक्सी-वेवर आडव्या काढलेल्या चार पिवळ्या रेषांपैकी दोन सलग व दोन तुटक असतात. सलग रेषांच्या बाजूने येणाऱ्याने तेथे थांबलेच पाहिजे. तुटक रेषांच्या बाजूने येणारा धावपट्टीवरून बाहेर पडत असतो, त्याने ती ओलांडून पुढे निघून जायचे असते. काही विमानतळांवर या ठिकाणी जमिनीत आडवी लाल दिव्यांची ओळ बसवलेली असते, तिला स्टॉप बार म्हणतात. ती पेटलेली असताना कोणीही पलीकडे जायचे नसते.

रेडिओ बंद पडला तर मनोऱ्यातून प्रकाशाचे संकेत दिले जातात. जमिनीवरील विमानासाठी स्थिर लाल म्हणजे थांबा, लुकलुकणारा हिरवा म्हणजे टॅक्सी करा, लुकलुकणारा लाल म्हणजे वापरात असलेल्या धावपट्टीच्या क्षेत्रातून बाहेर पडा आणि लुकलुकणारा पांढरा म्हणजे निघालात तेथे परत जा.

संवादाची रीत : सांगणे, परत म्हणणे, ऐकून तपासणे

वैमानिक व मनोऱ्यातील नियंत्रक यांचा संवाद रेडिओवर चालतो. एका वाहिनीवर एका वेळी एकानेच बोलायचे असते. दोघे एकदम बोलले तर तिसऱ्याला दोघांचेही शब्द कळत नाहीत, फक्त शिट्टीसारखा आवाज येतो. म्हणून बोलण्यापूर्वी ऐकणे, थोडक्यात बोलणे आणि बोलून झाले की वाहिनी मोकळी करणे, ही पहिली शिस्त आहे.

दुसरी शिस्त म्हणजे परत म्हणून दाखवणे. तिला रीडबॅक म्हणतात. समजा, नियंत्रक म्हणाला, ‘टॅक्सी टू होल्डिंग पॉइंट, रनवे टू फाइव्ह.’ वैमानिकाने केवळ ‘ओके’ म्हणून चालत नाही. त्याने ‘टॅक्सी टू होल्डिंग पॉइंट, रनवे टू फाइव्ह’ असे म्हणून शेवटी आपल्या विमानाचे नाव सांगायचे असते. धावपट्टीवर जाणे, ती ओलांडणे, तिच्याअलीकडे थांबणे, तिच्यावरून उलट चालत जाणे, उड्डाण करणे व उतरणे यांविषयीची प्रत्येक सूचना अशी परत म्हणणे आंतरराष्ट्रीय नियमांनुसार बंधनकारक आहे. तिसरी शिस्त नियंत्रकाची आहे. वैमानिकाने जे परत म्हटले ते लक्षपूर्वक ऐकून चूक असेल तर तेथेच दुरुस्त करायची. या ऐकण्यास हिअरबॅक म्हणतात.

आपल्या वाचकांना ही पद्धत अपरिचित वाटू नये. मकतब-मदरशांत विद्यार्थी उस्तादांना सबक सुनावतो. उस्ताद डोळे मिटून बसलेले दिसले तरी एक हरकत चुकली की तेथेच थांबवतात. सांगणारा, परत म्हणणारा आणि ऐकून तपासणारा ही तीन पायऱ्यांची साखळी शतकानुशतके अक्षरशुद्धता जपत आली आहे. विमानतळावर तीच साखळी माणसांचे प्राण जपते. यातील तिसरी पायरी सर्वांत सहज गळते, कारण ऐकणाऱ्याला जे अपेक्षित असते, तेच ऐकू आल्याचा भास होतो.

मोजके शब्द, नेमके अर्थ

या संवादातील शब्द मोजके असून प्रत्येकाचा अर्थ ठरलेला आहे. ‘रॉजर’ म्हणजे ‘तुमचा निरोप पूर्ण मिळाला’, एवढेच. ‘मी तसे करीन’ हा अर्थ त्यात नाही. त्यासाठी ‘विल्को’ हा वेगळा शब्द आहे. होकारासाठी ‘अफर्म’ व नकारासाठी ‘निगेटिव्ह’ म्हणतात. ‘स्टँडबाय’ म्हणजे ‘थांबा, मी बोलावीन’. त्यात होकारही नाही आणि नकारही नाही. ‘से अगेन’ म्हणजे ‘पुन्हा सांगा’. ‘होल्ड शॉर्ट’ म्हणजे सांगितलेल्या जागेच्या अलीकडे थांबा. ‘लाइन अप अँड वेट’ म्हणजे धावपट्टीवर जाऊन उभे राहा, पण उड्डाण करू नका.

आकड्यांचे उच्चारही मुद्दाम वेगळे ठेवले आहेत. तीनला ‘ट्री’, पाचला ‘फाइफ’ आणि नऊला ‘नायनर’ म्हणण्याचा संकेत आहे. इंग्रजीतील पाच व नऊ खरखरीत रेडिओवर सारखेच ऐकू येऊ शकतात. अक्षरांसाठी अल्फा, ब्राव्हो, चार्ली असे पूर्ण शब्द वापरले जातात. धावपट्टी ‘पंचवीस’ असे न म्हणता ‘दोन पाच’ असे एकेक अंक सुटे करून सांगतात.

आपली रोजची भाषा अशी नसते आणि तशी असण्याची गरजही नाही. ‘मी निघालोच’ असे फोनवर म्हणणारा माणूस बहुधा घरातच चप्पल शोधत असतो. निरोप घेताना आपण ‘येतो’ म्हणतो. हे कोणाला खटकत नाही, कारण समोरच्याला आपली रीत ठाऊक असते. मात्र जेथे बोलणारा व ऐकणारा वेगवेगळ्या भाषांत वाढलेले असतात आणि एकमेकांना पाहू शकत नाहीत, तेथे अशी बोली प्राणघातक ठरू शकते.

तीन दुर्घटना, तीन धडे

टेनेरिफला नेमके हेच घडले. धुक्यात केएलएम कंपनीचे विमान धावपट्टीच्या टोकाशी उभे होते आणि पॅन अ‍ॅमचे विमान त्याच धावपट्टीवरून टॅक्सी करीत होते. केएलएमच्या वैमानिकाने आपण उड्डाणाच्या स्थितीत आहोत, अशा अर्थाचे संदिग्ध इंग्रजी वाक्य उच्चारले. त्याची रचना त्याच्या डच मातृभाषेच्या वळणाची असावी, असे अभ्यासकांचे मत आहे. विमान उड्डाणासाठी तयार असून थांबलेले आहे, असा अर्थ नियंत्रकाने घेतला. प्रत्यक्षात ते धावू लागले होते. नियंत्रकाने ‘ओके’ म्हटले व नंतर थांबण्यास सांगितले. परंतु त्याच क्षणी पॅन अ‍ॅमचा वैमानिकही बोलला आणि दोन्ही आवाज एकमेकांत मिसळले. केएलएमच्या कक्षातील फ्लाइट इंजिनिअरने समोरचे विमान बाजूला झाले नाही काय, अशी शंका काढली. ज्येष्ठ कप्तानाने ती ठामपणे बाजूला सारली. या दुर्घटनेनंतर उड्डाणाचा ‘टेक-ऑफ’ हा शब्द केवळ प्रत्यक्ष परवानगी देताना अथवा ती रद्द करताना वापरावा, इतर वेळी ‘डिपार्चर’ म्हणावे, असा संकेत रूढ झाला.

दुसरी दुर्घटना ८ ऑक्टोबर २००१ रोजी इटलीतील मिलान शहराच्या लिनाते विमानतळावर झाली. तेथेही दाट धुके होते. एका छोट्या सेसना विमानाला रोमिओ-५ या टॅक्सी-वेने जाण्यास सांगितले होते. वैमानिकाने ते बरोबर परत म्हटले, पण तो रोमिओ-६ वर वळला. वाटेत त्याने जमिनीवर दिसलेल्या एका खुणेचे नावही कळवले. ती खूण नियंत्रकाच्या नकाशात नव्हती आणि तिची शहानिशा झाली नाही. जमिनीवरील रडारही त्या काळात कार्यरत नव्हते. छोटे विमान थेट चालू धावपट्टीवर गेले आणि उड्डाण करणाऱ्या एसएएस कंपनीच्या विमानाशी त्याची टक्कर झाली. एकूण ११८ जणांचा मृत्यू झाला, त्यांपैकी चार विमानतळावरील कर्मचारी होते. पाठ बरोबर म्हटला तरी पाऊल चुकू शकते, हा येथील धडा आहे. शब्दांची तपासणी जमिनीवरील खुणांशी व्हावी लागते. तसेच अनपेक्षित शब्द ऐकू आला की ‘तुम्ही नेमके कोठे आहात?’ हे विचारावेच लागते.

तिसरी घटना अगदी अलीकडची आहे. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपानी तटरक्षक दलाचे विमान भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघाले होते. नियंत्रकाने त्याला ‘नंबर वन’, म्हणजे उड्डाणाच्या रांगेत पहिला क्रमांक असल्याचे सांगून होल्डिंग पॉइंटपर्यंत येण्यास सांगितले. वैमानिकांनी ते परतही म्हटले. मात्र धावपट्टीवर जाण्याची परवानगी मिळाली आहे, असा त्यांचा समज झाला आणि ते विमान सुमारे ४० सेकंद धावपट्टीवर उभे राहिले. मनोऱ्यातून ते लक्षात आले नाही व उतरणारे जपान एअरलाइन्सचे विमान त्यावर आदळले. मोठ्या विमानातील सर्व ३७९ जण पेटत्या विमानातून सुखरूप बाहेर पडले, परंतु तटरक्षक दलाच्या सहापैकी पाच जणांचा मृत्यू झाला. सौजन्याने दिलेली जास्तीची माहितीही कधी परवानगीसारखी ऐकू येते, हे या घटनेने दाखवले.

भारतातील अनुभव

आपल्या देशातही सावध करणाऱ्या घटना घडल्या आहेत. त्यांतील एक इंदूरशी थेट जोडलेली आहे. ८ जून २०२४ रोजी इंदूरहून गेलेले इंडिगोचे विमान मुंबईच्या धावपट्टीवर उतरले, तेव्हा त्याच धावपट्टीवरून एअर इंडियाचे तिरुवनंतपुरमला जाणारे विमान उड्डाण करीतच होते. एकाची चाके टेकली तेव्हा दुसऱ्याची सुटण्याच्या बेतात होती. दोन्ही विमानांना नियंत्रण कक्षाची परवानगी होती. कोणालाही इजा झाली नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने चौकशी सुरू केली व संबंधित नियंत्रकास कामावरून बाजूला करण्यात आले. मुंबईतील दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदत असल्यामुळे एका वेळी प्रामुख्याने एकीचाच उपयोग होतो आणि दोन विमानांत फार थोडे अंतर उरते, ही पार्श्वभूमीही लक्षात घ्यावी.

२३ ऑगस्ट २०२३ रोजी दिल्लीत अहमदाबादहून आलेल्या विस्ताराच्या विमानाला शेजारची धावपट्टी ओलांडण्यास सांगण्यात आले. त्याच वेळी तिच्यावर बागडोगऱ्याला जाणाऱ्या दुसऱ्या विमानाला उड्डाणाची परवानगी दिली गेली होती. ओलांडणाऱ्या विमानातील वैमानिकाने धोका ओळखून तत्काळ नियंत्रकास सावध केले व उड्डाण थांबवण्यात आले. परवानगी हाती असूनही स्वतःचे कान व डोळे उघडे ठेवल्याने अनर्थ टळला.

२७ मार्च २०२४ रोजी कोलकात्यात टॅक्सी करणाऱ्या इंडिगोच्या विमानाच्या पंखाचे टोक थांबलेल्या एअर इंडिया एक्स्प्रेसच्या विमानाच्या पंखाला घासले. मे २०२४ मध्ये पुण्यात एअर इंडियाच्या विमानाची टॅक्सी करताना विमान ओढणाऱ्या ट्रॅक्टरशी धडक झाली. या घटना आपल्या विद्यार्थ्यांच्या विशेष जवळच्या आहेत, कारण ट्रॅक्टर, जीप व सामानाच्या गाड्या चालवणारे हात उद्या त्यांचेच असणार आहेत.

इंग्रजी किती यायला हवे?

१२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीजवळ सौदी व कझाक विमानांची आकाशात टक्कर होऊन ३४९ जण ठार झाले. कझाक वैमानिकांचे अपुरे इंग्रजी हा त्या चौकशीतील एक महत्त्वाचा मुद्दा होता. अशा घटनांच्या अनुभवातून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २००३ मध्ये वैमानिक व नियंत्रकांसाठी भाषिक क्षमतेचे निकष स्वीकारले. त्यात सहा पातळ्या आहेत व किमान चौथी पातळी आवश्यक आहे. उच्चार, वाक्यरचना, शब्दसंग्रह, ओघ, आकलन आणि परस्परसंवाद या सहा अंगांनी परीक्षा होते. सर्वांत कमी गुण ज्या अंगात मिळतील, तीच त्या व्यक्तीची पातळी ठरते.

या निकषांत परदेशी धाटणीचा उच्चार मागितलेला नाही. मातृभाषेची छाप असली तरी चालते, समजण्यात अडथळा येऊ नये एवढीच अट आहे. परस्परसंवाद या अंगात तर न समजलेले विचारून खात्री करून घेणे, हे गुण मिळवून देणारे कौशल्य आहे. उर्दू, मराठी अथवा हिंदी माध्यमातून आलेल्या, घरी माळवी बोलणाऱ्या आपल्या मुला-मुलींना हे आवर्जून सांगितले पाहिजे. इंग्रजी कच्चे आहे म्हणून गप्प बसणारा विद्यार्थी धोक्याचा असतो. कच्च्या इंग्रजीत का होईना, ‘से अगेन’ म्हणणारा विद्यार्थी सुरक्षित असतो.

वर्गात काय करता येईल?

१. पाठ शिकवून झाल्यावर आपण ‘समजले का?’ असे विचारतो व वर्ग एका सुरात ‘हो सर’ म्हणतो. हे उत्तर म्हणजे फार तर ‘रॉजर’ आहे. त्याऐवजी ‘काय समजले ते सांगा’ असे विचारावे.

२. पटांगणावर चुन्याने धावपट्टी, दोन टॅक्सी-वे व थांबण्याच्या रेषा आखाव्यात. एक विद्यार्थी नियंत्रक व दोघे-तिघे वैमानिक व्हावेत. नियंत्रकाने पाठ करून उभे राहावे, म्हणजे त्याला केवळ आवाजावर विसंबावे लागेल.

३. शिक्षकाने एखाद्या ‘वैमानिका’ला आधी गुपचूप सांगून ठेवावे की रीडबॅकमध्ये एक अंक चुकव. नियंत्रकाने ती चूक पकडली की नाही, याची नोंद ठेवून शेवटी चर्चा करावी. दुसऱ्या फेरीत रीडबॅक बरोबर, पण पाऊल चुकीच्या वाटेवर, असा लिनातेचा प्रसंग घडवावा.

४. ‘पुन्हा सांगा’ असे म्हणणाऱ्यास गुण द्यावेत, कमी करू नयेत. कनिष्ठाने ज्येष्ठाची चूक आदर राखून कशी दाखवावी, याची वाक्ये सरावाने घोटून घ्यावीत. ‘सर, धावपट्टी मोकळी नाही’ हे वाक्य बेअदबी ठरत नाही.

समारोप

टॅक्सीइंग हा प्रवासातील सर्वांत संथ टप्पा असल्यामुळे तेथे मन सैल पडते. तेथील सुरक्षितता खुणा, यंत्रे आणि शब्द या तीन आधारांवर उभी आहे. खुणा रंगवता येतात, यंत्रे विकत घेता येतात, परंतु नेमके बोलण्याची व प्रामाणिकपणे ऐकण्याची सवय शिकवावीच लागते. ती वैमानिक प्रशिक्षण संस्थेत गेल्यावरच लागेल असे नाही. ती लागते शाळेत, मकतबात आणि महाविद्यालयाच्या वर्गात. न समजलेले न समजले म्हणण्याचे धैर्य ज्या वर्गात मिळाले, त्या वर्गातील विद्यार्थी पुढे जीप चालवो, मनोऱ्यात बसो अथवा विमान उडवो, इतरांचा जीव त्याच्याकडे अमानत म्हणून सुरक्षित राहील, असा विश्वास वाटतो.